खारे पाणी पुन्हा शेतात

आमटी चुलीवर विसरली, की आटून आटून खारट होते. पाणी वाफ होऊन निघून जाते, मीठ मात्र भांड्यातच राहते. प्रत्येक गृहिणीला ठाऊक असलेली ही गोष्ट शेतालाही लागू आहे. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या मळ्यांत ‘क्षारपड’ हा शब्द ऐकताच शेतकऱ्याच्या काळजात धस्स होते, ते उगीच नव्हे.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेस इम्पीरियल व्हॅली हा वाळवंटी मुलूख कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर पिकतो. एकेकाळी तेथील एक लिटर पाण्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम क्षार असत. दिसायला हे किती थोडे! पण असे पाणी एका एकरावर वर्षाकाठी तीन फूट दिले, तर त्याबरोबर तीन टनांहून अधिक क्षार रानात येऊन पडतात. ते धुवून काढण्यासाठी जादा पाणी द्यायचे आणि जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून त्याचा निचरा करायचा, हा त्यावरचा उपाय. पण निचऱ्याने निघालेल्या या खाऱ्या पाण्याचे करायचे काय?

‘द्या सोडून कुठेतरी,’ असे कोणी म्हणेल. त्याच राज्यातील सॅन वाकीन खोऱ्यात तसेच घडले. तेथील निचऱ्याचा कालवा समुद्राकडच्या खाडीपर्यंत जायचा होता. १९७५ साली तो ८५ मैलांवर केस्टर्सनच्या तळ्यांपाशी येऊन थांबला. तळी भरली, पाणपक्षी आले, सर्वांना बरे वाटले. परंतु १९८३ साली तेथील घरट्यांत चोच नसलेली, डोळे नसलेली पिल्ले सापडू लागली. पश्चिमेच्या डोंगरांतील मातीतून आलेले सेलेनियम त्या पाण्यात होते. शरीराला हे द्रव्य अगदी कणभर लागते; येथे ते शेवाळातून किड्यांत आणि किड्यांतून पक्ष्यांत साठत गेले होते. १९८६ मध्ये तळ्यांत पाणी सोडणे बंद झाले आणि १९८८ मध्ये तेथील सखल भाग मातीने बुजवण्यात आले.

आता दुसरी वाट पाहा. रिव्हरसाइड येथील सरकारी क्षार-प्रयोगशाळेतील जेम्स रोड्स यांनी इम्पीरियल व्हॅलीत एक प्रयोग केला. पीक उगवताना त्याला नदीचे बरे पाणी द्यायचे, आणि ते जोमात आले की निचऱ्याचे पाणी पाजायचे. या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५०० मिलिग्रॅम क्षार होते. तरीही गहू, कापूस आणि शर्कराकंद यांच्या उत्पन्नात म्हणण्यासारखी घट आली नाही. तान्ह्या बाळाला जे सोसत नाही ते थोराला सोसते, तसाच हा प्रकार. पुढच्या पाळीत खरबुजासारखे नाजूक पीक घेतले, की पुन्हा बरे पाणी द्यायचे, म्हणजे साठलेले क्षार खाली धुवून जातात.

सॅन वाकीन खोऱ्यातील शेतकरी आणखी पुढे गेले. भाजीपाल्याच्या शेतातून निघालेले पाणी कापसाला, कापसाचे त्याहून खारे पाणी खारट जमिनीत तगणाऱ्या गवताला, अशी उतरंड त्यांनी रचली. पानोचे भागात हजारो एकरांवर असे गवत आणि पिस्त्याची झाडे निचऱ्याच्या पाण्यावर वाढवण्यात आली. मात्र शेतात पाण्याची डबकी साचू द्यायची नाहीत, हा कडक दंडक. नाहीतर पक्षी पुन्हा यायचे!

दर पायरीला पाण्याचे प्रमाण कमी होते आणि खारेपणा वाढतो. अखेरीस उरलेले थोडे पाणी उन्हात आटवायचे आणि मीठ गोळा करायचे. ते मीठ नाहीसे होत नाही. ते कोठे ठेवायचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. पण तो आता साऱ्या खोऱ्याला बुडवणारा राहत नाही, एका कोपऱ्यात मावतो. आणि मुख्य म्हणजे, एकदा वापरलेले पाणी आणखी दोन पिके देऊन जाते. पाण्याची ओढ असलेल्या मुलुखात हे काही थोडे नव्हे.