हेगचं वार्तापत्र : नदी कुणाला विचारून अडवली?

इथे पाण्याचा कारभारही मतपेटीतून चालतो. देशात 21 पाणी-मंडळं आहेत आणि माझ्यासारखा परदेशी रहिवासीही त्यांना मत देतो. धरण आपल्या पांझणला आणि भिजणारी शेतं खाली जळगावकडची, हे पाहत वाढलेल्या नांदगावकराला याचा हेवा वाटणारच.

याच शहरात एफएमओ नावाची विकास बँक आहे. तिची 51 टक्के मालकी डच सरकारची. होंडुरासमध्ये ग्वालकार्के नदीवरच्या अग्वा सार्का जलविद्युत प्रकल्पाला तिने कर्ज दिलं. ही नदी लेंका आदिवासींना पवित्र, आणि प्रकल्पाला त्यांची संमती नव्हती. जुलै 2013 मध्ये निदर्शनं करणाऱ्या तोमास गार्सियाला सैनिकाने गोळ्या घातल्या. सिनोहायड्रो या चिनी कंपनीने त्याच वर्षी काढता पाय घेतला. डच कर्जावर सही झाली ती त्यानंतर, 2014 मध्ये! हा क्रम मी दोनदा तपासून पाहिला.

लेंकांची पुढारी बर्ता कासेरेस. तिला 2015 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि 2 मार्च 2016 च्या रात्री घरात घुसून तिला ठार मारलं. गोळ्या झाडणारे तुरुंगात गेलेच. पण प्रकल्प कंपनीचा प्रमुख, लष्करी गुप्तचर खात्यातला माजी अधिकारी डेव्हिड कास्तियो, हाही 2021 मध्ये दोषी ठरला. त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. बँक 2017 मध्ये प्रकल्पातून बाहेर पडली. पुढच्या वर्षी बर्ताच्या घरच्यांनी बँकेला इथल्याच कोर्टात खेचलं.

मला पानेवाडी आठवली. 25 जानेवारी 2011 ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनात भेसळ करणाऱ्या तेलमाफियांनी तिथे जिवंत जाळलं. आपल्या पारावरच्या गप्पा पेटवणाऱ्यांपाशीच थांबल्या. भेसळीचा माल शेवटी कुणाच्या टाकीत पडत होता, तिथवर आपण गेलोच नाही.

त्या डच कर्जातली गंमत म्हणजे, आदिवासींना विचारल्याशिवाय त्यांच्या जमिनीला हात लावू नये, असं सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 169 वा करार नेदरलँड्सने 1998 मध्येच मान्य केलाय. भारताने अजून नाही. सुरजागडच्या लोहखाणीला विरोध करणाऱ्या एटापल्लीकडच्या ग्रामसभांचं म्हणणं तरी दुसरं काय आहे?

परवा फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग धरण झालं का?”

“नाही, काम बंद पडलं.”

“बरं,” म्हणाले, आणि गावात टँकर किती दिवसांनी येतो ते सांगत बसले.