गॅलरी नसलेली मैदाने

मुंबईच्या क्रिकेटची जुनी मैदाने लष्करी गरजेतून निर्माण झाली. फोर्टच्या तटावरून तोफा डागताना समोर आडोसा राहू नये म्हणून इंग्रजांनी किल्ल्याबाहेरची वस्ती आणि झाडी हटवून विस्तीर्ण पटांगण मोकळे ठेवले होते. त्याला एस्प्लनेड म्हणत. १८६० च्या दशकात तट पाडला गेला, रस्ते आखले गेले, मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्या एका पटांगणाचे चार तुकडे उरले: कूपरेज, ओव्हल, क्रॉस मैदान आणि आझाद मैदान. कसोटी सामन्यांमुळे ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही नावे जगाला माहीत झाली. खेळाडू मात्र घडले ते या उघड्या मैदानांवर, जिथे ना गॅलरी, ना तिकीट.

एस्प्लनेडवर आधी गोरे सैनिक खेळत आणि पारशी मुले कडेला उभी राहून पाहत. त्या मुलांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. तो फार टिकला नाही, पण १८५० मध्ये झोरोॲस्ट्रियन क्लब निघाला आणि त्यामागून पारशी क्लबांची रांगच लागली. १८७५ मध्ये युरोपियनांनी बॉम्बे जिमखाना स्थापन केला. मैदानाच्या दक्षिण टोकाचा उत्तम हिरवळीचा भाग त्यांच्याकडे गेला. उरलेल्या भागात हिंदी मुलांचे डझनावारी सामने चालत आणि तिथेच गोरे लोक पोलोही खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई, मग त्या खड्ड्यांत चेंडू कुठून कसा उसळेल याचा भरवसा नसे. १८८१ पासून हिंदी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. त्यांचे म्हणणे साधे होते: जिमखान्याची हिरवळ राखीव असताना पोलोसाठी आमचीच जागा का? शापूरजी सोराबजी या पारशी खेळाडूने १८९७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या झगड्याची हकीकत आहे. हिंदी क्रिकेटचा पहिला मोठा सामना जमिनीसाठीच झाला, असे त्यावरून म्हणता येते.

मैदानाच्या वादावर सरकारने शोधलेला तोडगा शहराच्या नकाशावर आजही दिसतो. समुद्र मागे हटवून तयार झालेल्या केनेडी सी फेसवर हिंदी जिमखान्यांना भूखंड मिळाले. पारशी जिमखाना १८८५ मध्ये स्थापन झाला होता, त्यामागोमाग इस्लाम जिमखाना आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखाना आला. मरीन ड्राइव्हवरून जाताना चर्नी रोडच्या बाजूला ही मैदाने ओळीने लागतात. जागा धर्मवार वाटली गेली आणि संघही धर्मवार उभे राहिले. १८९२ मध्ये युरोपियन विरुद्ध पारशी असे प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम आले तेव्हा चौरंगी, आणि १९३७ मध्ये ‘रेस्ट’ या नावाने उरलेल्यांचा संघ आला तेव्हा पंचरंगी. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये ती बंद पडली.

या मैदानांच्या इतिहासात सर्वांत मोलाचे नाव पालवणकर बाळू यांचे आहे. चांभार कुटुंबात जन्मलेल्या बाळूंनी सुरुवात केली ती पुण्यात, मैदानावरचा नोकर म्हणून. पूना क्लबात ते खेळपट्टीवर रोलर फिरवत, जाळी बांधत आणि गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करत. त्या सरावातून त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना सामन्यात घेतले, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. पुढे ते मुंबईत आले, हिंदू जिमखान्याकडून खेळले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. मैदान सर्वांना खुले आणि पॅव्हेलियन मात्र बंद, हा भेद मोडायला एका कुटुंबाला पंचवीसहून अधिक वर्षे लागली.

बॉम्बे जिमखान्याच्या मैदानाचे वैभवही सांगायला हवे. १८९० मध्ये पारशांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला इथेच हरवले. १९२६ मध्ये सी. के. नायडूंनी गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार होते. भारताच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये इथेच झाला आणि पदार्पणातच लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या. सामना इंग्लंडने जिंकला. कायमच्या गॅलऱ्या नसल्याने प्रेक्षकांसाठी शामियाने उभारावे लागले होते. इथे पुन्हा कसोटी झाली नाही. बॅकबेच्या भरावावर ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले, ते १९३७ च्या डिसेंबरात खुले झाले आणि मोठे सामने तिकडे गेले. आसनांच्या वाटपावरून पहिल्याच वर्षी हिंदू संघ पंचरंगीतून बाहेर राहिला. पुढे आसनांच्याच वादातून मुंबई क्रिकेट असोसिएशनने वानखेडे स्टेडियम बांधले, जिथे जानेवारी १९७५ मध्ये पहिली कसोटी झाली. दोन्ही स्टेडियमांमध्ये चालत गेल्यास दहा-पंधरा मिनिटांचे अंतर आहे. स्टेडियमांची ही गोष्ट इथवर पुरे, कारण शहराचे रोजचे क्रिकेट तिथे होत नाही.

ते होते आझाद मैदानासारख्या जागी. स्वातंत्र्य चळवळीतील सभांमुळे हे नाव पडलेल्या या मैदानावर २२ खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो, आणि तिसऱ्या सामन्यातला उंच फटका पाहून दोघांनाही डोके वाचवावे लागते. नवख्याला कोणता चेंडू कोणाचा हे कळत नाही, खेळणाऱ्याला मात्र बरोबर कळते. ड्रेसिंग रूम म्हणजे क्लबचा तंबू. खेळपट्टी राखतो तो माळी: पाणी मारणे, रोलर फिरवणे, चुन्याने रेघा आखणे ही सगळी कामे त्याची. मुंबईचा फलंदाज चिवट, म्हणजे मुंबईच्या भाषेत ‘खडूस’, का होतो याचे उत्तर इथे सापडते. लोकलच्या गर्दीतून किट सांभाळत आलेला मुलगा एकदा बाद झाला की दिवसभर तंबूत बसून राहणार. म्हणून तो विकेट फेकत नाही.

शाळकरी मुलांची हॅरिस शील्ड स्पर्धा १८९० च्या दशकापासून या मैदानांवर चालत आली आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावरच्या एका सामन्यात शारदाश्रम शाळेच्या विनोद कांबळीने नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ धावा केल्या. त्यांची ६६४ धावांची अखंड भागीदारी तेव्हा कोणत्याही दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वांत मोठी होती. २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावा जोडून ती मागे टाकली. २०१३ मध्ये याच आझाद मैदानावर पृथ्वी शॉने एका डावात ५४६ धावा काढल्या.

प्रौढांच्या क्लब क्रिकेटचा कणा म्हणजे डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग. ती मुद्दाम पावसाळ्यात ठेवली गेली. खेळपट्ट्या न झाकलेल्या, ओल्या. मैदानावर गवत इतके वाढलेले की जमिनीवरून मारलेला चेंडू वाटेतच थांबतो, कधी सापडतच नाही. अशा खेळपट्टीवर चेंडू उसळतो, थांबतो, घसरतो. तिथे काढलेल्या तीस धावांना कोरड्या खेळपट्टीवरच्या शतकाचे मोल असते, असे जुने खेळाडू मानतात, आणि ते खरे आहे. एकाच दिवशी कसोटीपटू आणि कारकून समोरासमोर उभे राहिले, ते या लीगमुळे. मराठवाड्यातल्या वाचकासाठी इथे एक खुलासा हवा. राज्य एक असले तरी रणजी करंडकात त्याचे तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगरचे खेळाडू पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र संघटनेत येतात. कांगा लीग मुंबईच्या संघटनेची. मुंबईच्या मुलाला वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी भर पावसात मोठ्यांविरुद्ध जी परीक्षा द्यायला मिळते, तिची मैदाने त्याच्या घरापासून लोकलच्या अंतरावर असतात. मुंबईने सर्वाधिक वेळा रणजी करंडक जिंकण्यामागे हे मोठे कारण आहे.

दक्षिण मुंबईतील मैदाने इंग्रजांच्या तटबंदीची देणगी होती. मध्यमवर्गीय मराठी वस्तीचे मैदान महापालिकेने दिले. दादरमध्ये १९२५ मध्ये माहीम पार्क खुला झाला आणि १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याचे नाव शिवाजी पार्क झाले. विजय मांजरेकर, अजित वाडेकर, रमाकांत देसाई, संदीप पाटील ही सगळी नावे या परिसराशी जोडलेली आहेत. माटुंग्याच्या दडकर मैदानावरचा दादर युनियन हा शिवाजी पार्क जिमखान्याचा कट्टर प्रतिस्पर्धी. माधव मंत्री, वासू परांजपे, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर हे त्या क्लबाचे. दोन्ही मैदाने एकमेकांपासून जवळच आहेत, आणि या दोन क्लबांचा सामना असला की दोन्हीकडचे लोक कडेने गर्दी करत.

मोकळ्या जमिनीवर शहराचा डोळा असतोच. सभा, मेळावे, मेट्रोची कामे यांसाठी आझाद मैदानाचा भाग अधूनमधून खेळाबाहेर गेला. ओव्हलची दुरवस्था झाली तेव्हा आजूबाजूच्या रहिवाशांच्या संघटनेने १९९० च्या दशकात देखभाल हाती घेतली, म्हणून ते आज हिरवे दिसते. वस्ती उपनगरांत सरकली तसे क्रिकेटही सरकले. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या एका मैदानावर प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. चार आकडी वैयक्तिक धावसंख्या क्रिकेटमध्ये प्रथमच नोंदली गेली. त्या मैदानाची एका बाजूची सीमा फारच जवळ होती, हेही तेव्हाच लिहिले गेले. मुलाची जिद्द त्यामुळे कमी ठरत नाही, पण उपनगरातल्या मुलांना पुरेशा मापाची मैदाने मिळत नाहीत, हे त्या एका सामन्याने दाखवले.

रमाकांत आचरेकर सरांनी शिवाजी पार्कवर कित्येक पिढ्यांना शिकवले. ते यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत आणि बाद न होता सराव संपवणाऱ्या फलंदाजाला ते देत. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. ३ डिसेंबर २०२४ रोजी त्यांच्या स्मारकाचे अनावरण सचिन तेंडुलकरच्या हस्ते झाले. ते शिवाजी पार्कच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराशी आहे, आणि त्याच्या पलीकडे नेट अजून लागतात.