पिनाक: पुण्यात घडलेला अग्निबाणांचा ट्रक

परवा सैन्याच्या शस्त्रप्रदर्शनात पिनाक जवळून पाहिला. शेजारी उभी असलेली मुलं विचारत होती, "ही तोफ आहे का?" म्हणून ही पोस्ट.

पिनाक म्हणजे ट्रकवर बसवलेला रॉकेट लाँचर. तो विकसित केला पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने.

एका लाँचरवर सहा-सहाच्या दोन पेट्यांत १२ रॉकेट असतात. ती सगळी ४४ सेकंदांत सुटतात. एका बॅटरीत, म्हणजे तोफखान्याच्या एका तुकडीत, सहा लाँचर, म्हणजे तेवढ्याच वेळात ७२ रॉकेट!

तोफ एकामागून एक गोळे टाकते. पिनाक शत्रूला आडोसा शोधायच्या आत मोठा परिसर भाजून काढतो.

चाकं कशासाठी? मारा सुरू झाला की शत्रूचं रडार रॉकेटच्या मार्गावरून आपली जागा हुडकतं. म्हणून मारा करायचा आणि लगेच जागा सोडायची.

१९९९ च्या कारगिल युद्धात पिनाक वापरला गेला. सुरुवातीचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर होता. नव्या, दिशा सुधारत जाणाऱ्या रॉकेटचा पल्ला ७५ किलोमीटरच्या घरात आहे आणि नेमही अचूक.

आर्मेनियानेही पिनाक घेतला आहे. पुणेकरांनी अभिमान बाळगावा असंच हे काम आहे.