शांतारामबापूंची नजर

'अमृतमंथन' (१९३४) म्हटलं की पडदाभर पसरलेला राजगुरूचा डोळाच आधी आठवतो. 'कुंकू'त (१९३७) व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीताला फाटा देऊन घरातल्या, रस्त्यावरच्या आवाजांवर भिस्त ठेवली. केवढं धाडस!

रंग हाती आला आणि बापू खुलले. 'नवरंग'मधल्या (१९५९) होळीच्या नाचात संध्याच्या डोक्यामागे पुरुषी मुखवटा आहे. एका बाजूने लाजरी स्त्री, गिरकी घेतली की छेड काढणारा गडी! एकाच देहात दोघांची नोकझोक, तीही अचूक तालात.

पुढे काही चित्रपटांत सजावट कथेला भारी पडली, हे मान्यच. पण 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) कृष्णधवल असूनही झळाळतो. १९५८ साली बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं.