बलक, जवस आणि उजेड

फ्लेमिश चित्रकार यान व्हॅन आइकने १४३४ मध्ये रंगवलेले आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ओकच्या फळीवरचे हे चित्र जेमतेम ८२ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद. त्यातल्या पितळी झुंबराची लकाकी, हिरव्या झग्याच्या चुण्या आणि पायाशी उभ्या कुत्र्याचा केसन् केस पाहिला की एकच प्रश्न मनात येतो : याने रंगात घातले तरी काय? इटलीच्या कलाचरित्रकार वासारीने १५५० मध्ये उत्तर देऊन टाकले, की तैलरंगाचा शोधच व्हॅन आइकने लावला. तेव्हापासून चित्रकार एका गुप्त पाककृतीच्या मागे आहेत. आज अंड्याचा टेम्परा आणि तेलाचे ग्लेझ वापरून ‘फ्लेमिश पद्धत’ शिकू पाहणारेही बहुधा त्याच ओढीने येतात. ही पद्धत जरूर शिकावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र पाककृतीच्या आशेने शिकू नये. तिचे खरे बळ द्रव्यात कमी आणि क्रमात जास्त आहे.

द्रव्ये तर आपल्या स्वयंपाकघरातलीच आहेत. अंडे फोडून बलक वेगळा करायचा, तो या तळहातावरून त्या तळहातावर घेत वरचा ओलावा टिपायचा. मग पातळ त्वचेला चिमटीत धरून बलक भांड्यावर लोंबता ठेवायचा आणि खालून टोचायचा. आतला पिवळा रस भांड्यात पडतो, त्वचा बोटांत राहते. पाण्यात घोटलेल्या रंगाच्या भुकटीत हा रस मिसळला की टेम्परा तयार. ताटाला वाळलेला बलक किती घासावा लागतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला या बंधकाची ताकद वेगळी सांगायला नको. पाणी उडाले की हा रंग काही क्षणांत बसतो. म्हणूनच तो ओल्या रंगासारखा एकमेकांत विरघळवता येत नाही. बारीक रेघांशेजारी रेघा ओढूनच उजेडाकडून सावलीकडे जावे लागते. तेलाचा स्वभाव नेमका उलटा. जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होते आणि शेवटी त्याचा चिवट, पारदर्शक पापुद्रा बनतो. एक द्रव्य घाईचे, दुसरे सबुरीचे. एक रेघेचे, दुसरे खोलीचे. शिकणाऱ्याला दोन्ही स्वभाव सांभाळावे लागतात.

आता क्रम. फळीवर खडूची पूड आणि सरस यांचे हात देऊन, घासून, हस्तिदंतासारखी गुळगुळीत पांढरी जमीन करायची. तिच्यावर रेखाटन पक्के करायचे. मग टेम्पराच्या पांढऱ्याने उजेड उभारायचा, म्हणजे आकाराची गोलाई रंगाआधीच सिद्ध होते. त्यानंतर तेलात कालवलेले पारदर्शक रंग पातळ थरांनी चढवायचे, हेच ग्लेझ. लाल अंगरख्याची एक चुणी घ्या. तिच्या माथ्यावर खालचा थर जवळजवळ पांढरा, खोलगटीत गडद. वरून पारदर्शक लाल रंगाचा हात दिला की माथ्यावरचा थर पुसून अगदी विरळ ठेवतात आणि खोलगटीत तोच लाल दोन-तीनदा साचवतात. उजेड त्या लालातून आत शिरतो, खालच्या पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा लालातूनच बाहेर येतो. एकाच रंगातून तो दोनदा गाळला जातो, म्हणून कापड आतून उजळल्यासारखे वाटते. पॅलेटवर लाल आणि पांढरा कालवून जो गुलाबी मिळतो, तो कितीही सुंदर असला तरी हा परिणाम देऊ शकत नाही.

इथे इतिहासाचा जाणकार हटकेल, आणि त्याने हटकलेच पाहिजे. व्हॅन आइकने तेलाचा शोध लावला नाही. बाराव्या शतकातल्या थिओफिलसने तेलात रंग कालवण्याची कृती लिहून ठेवली आहे आणि तो वाळायला फार वेळ घेतो अशी तक्रारही केली आहे. जर्मन लेखक लेसिंगने १७७४ मध्ये हे जगापुढे मांडले. पांढरा टेम्परा आणि तेलाचे ग्लेझ आलटूनपालटून वापरण्याची जी ‘मिश्र पद्धत’ आज व्हॅन आइकच्या नावाने शिकवली जाते, ती प्रामुख्याने म्युनिकच्या माक्स डोर्नर यांच्या १९२१ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. पुढे व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्स यांनी ती विद्यार्थ्यांपर्यंत नेली. प्रयोगशाळांनी मात्र फ्लेमिश चित्रांचे सूक्ष्म नमुने तपासले तेव्हा प्रामुख्याने जवसाचे तेल सापडले. अंडे काही चित्रांच्या खालच्या थरांत आढळते, पण थरांमागून थर अंडे आणि तेल अशी आलटापालट व्हॅन आइकची म्हणून सिद्ध झालेली नाही. तेव्हा शिक्षकाने ‘ही व्हॅन आइकची पद्धत’ असे सांगणे चूक आहे. ‘त्याच्या चित्रांवरून विसाव्या शतकात बांधलेली पद्धत’ असे सांगावे. एवढ्याने ती शिकण्याजोगी उरत नाही, हे मात्र मला मान्य नाही. खडूची पांढरी जमीन, तिच्यावरचे रेखाटन, अपारदर्शक रंगांनी घडवलेला आकार आणि वरचे पारदर्शक थर, हा सांगाडा मूळ चित्रांतही आहे. बलकाऐवजी खालचा थरही तेलातच केला तरी धडा तोच राहतो.

दुसरा आक्षेप चित्रकारांचा : अशा शिस्तीत उत्स्फूर्तता मरते. या शंकेला आर्नोल्फिनीचे चित्रच उत्तर देते. अवरक्त किरणांनी खालचे रेखाटन पाहता येते. त्यात दिसते, की पुरुषाचा उचललेला हात आणि पावले यांच्या जागा व्हॅन आइकने काम करताना बदलल्या, आणि कुत्रा तर रेखाटनात नव्हताच; तो नंतर थेट रंगात आला. म्हणजे क्रमाने कलावंताचे हात बांधले नव्हते. उलट रेषा, उजेड आणि रंग हे तीन प्रश्न सुटे केल्यामुळे एकेकाचा पुन्हा विचार करायला त्याला सवड मिळाली. नवशिका सगळे एकदम सोडवू पाहतो, म्हणून चित्र चिखलते. चूक रेषेत आहे की छटेत, हे त्याला उमगतच नाही. सुटे सुटे शिकलेला माणूस पुढे एका बैठकीत चित्र संपवू लागला, तरी त्याची नजर घडलेली असते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो हलका नाही. शिशाचा सफेदा आणि हिंगूळ ही जुनी द्रव्ये विषारी आहेत. त्यांची भुकटी विद्यार्थ्याने हाताळूच नये. टायटॅनियमचा पांढरा आणि आजचे निर्धोक लाल त्यांची जागा घेऊ शकतात. लाजवर्दाचा दगड पूर्वी बदख्शानहून युरोपात जात असे. त्याच जातीचा कृत्रिम निळा आता स्वस्तात मिळतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात सरसाला बुरशी धरते, फळी वाकते आणि ग्लेझ वाळता वाळत नाही, म्हणून हे काम कोरड्या दिवसांत काढावे. वेळ लागतो हे खरेच, पण वेळेचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा. गेंटच्या संत बावो कॅथेड्रलमधले व्हॅन आइक बंधूंचे १४३२ चे वेदीचित्र २०१२ मध्ये स्वच्छ करायला घेतले. सोळाव्या शतकात वरून चढवलेला रंग काढल्यावर त्यातल्या कोकराचा मूळ चेहरा, समोर रोखून पाहणाऱ्या डोळ्यांसह, खाली शाबूत सापडला. नीट वाळू दिलेला थर असा टिकतो.

विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघर होते, आणि अंडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. कलाशाळेच्या विद्यार्थ्याने एवढेच करून पाहावे : वीतभर प्लायवूडवर पांढरी जमीन करावी, कापडाची एक चुणी करड्या छटांत पूर्ण रंगवावी, ती वाळेपर्यंत थांबावे आणि मग रंगतेलाच्या दुकानातल्या शुद्ध जवसतेलात कालवलेल्या पारदर्शक लालाचा एकच पातळ हात द्यावा. ती फळी खिडकीशी धरून पाहावी. गुपित म्हणून जे शोधले जाते ते त्या एका थरात उघडे दिसते, आणि थांबायला तयार असलेल्या कुणालाही ते शिकता येते.