घड्याळे स्वस्त झाली, मग स्विस घड्याळ महाग का?

वेळ पाहण्यासाठी आज दोनशे रुपयांचे घड्याळही पुरते. मात्र नामांकित स्विस घड्याळांचे भाव लाखांच्या घरात आहेत. रोलेक्स कंपनीचे 'सबमरिनर' हे पोलादी घड्याळ १९५७ साली अमेरिकेत सुमारे १५० डॉलरला मिळे. २०२२ मध्ये त्याच नावाच्या घड्याळाला ९,००० डॉलरच्या आसपास मोजावे लागत होते. म्हणजे भाव साठपट झाला. या काळात तेथील सर्वसाधारण महागाई सुमारे दहापटच वाढली. मग बाकीची वाढ कोठून आली?

याचे मूळ १९६९ मध्ये सापडते. त्या वर्षी डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. बॅटरीवर चालणारे हे यंत्र चावीच्या घड्याळाहून अचूक होते आणि पुढे ते अतिशय स्वस्तही झाले. स्वित्झर्लंडमध्ये एकामागून एक कारखाने बंद पडले. १९७० च्या सुमारास या धंद्यात सुमारे ९० हजार कामगार होते. पुढील पंधरा-वीस वर्षांत जेमतेम एक तृतीयांश उरले.

जे टिकले त्यांनी एक गोष्ट ओळखली की, स्वस्ताईत यंत्राशी स्पर्धा करता येणार नाही. म्हणून त्यांनी चावीचे घड्याळ कारागिरीची आणि मानाची वस्तू म्हणून विकण्यास सुरुवात केली. ऑदमार पिगे कंपनीने १९७२ सालीच 'रॉयल ओक' हे पोलादी घड्याळ सोन्याच्या घड्याळांच्या भावाने बाजारात आणले होते. पुढे हीच वाट अनेकांनी धरली.

खर्चही वाढला. १९७० मध्ये एका डॉलरला चारहून अधिक स्विस फ्रँक मिळत. २०२३ मध्ये एक फ्रँकही पुरा मिळत नव्हता. साहजिकच परदेशी गिऱ्हाइकाला तोच माल महाग पडू लागला. सोन्याचा भावही औंसाला सुमारे ३५ डॉलरवरून दोन हजारांच्या आसपास गेला.

तिसरे कारण म्हणजे माल कमी, दाम जास्त. २००० साली स्वित्झर्लंडने सुमारे तीन कोटी घड्याळे निर्यात केली आणि या धंद्यातून सुमारे १० अब्ज फ्रँक मिळवले. २०२३ मध्ये नग १ कोटी ६९ लाखांवर आले, पण रक्कम २६.७ अब्ज फ्रँक झाली.

आपल्या व्यापारी बंधूंनी मात्र एक सावधगिरी बाळगावी. टंचाईमुळे चढलेला भाव कायम राहत नाही. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत जुन्या रोलेक्स घड्याळांचे भाव भडकले आणि नंतर घसरले. अशा तेजीत कर्ज काढून माल भरणे धोक्याचे आहे.

कारागिरांसाठीही यात धडा आहे. आपल्याकडे एच.एम.टी.ची चावीची घड्याळे घरोघरी होती. पण क्वार्ट्झच्या लाटेत ती मागे पडली आणि २०१६ साली सरकारने तिची घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. निव्वळ हातकाम तारत नाही. त्या कामाची पारख असलेले गिऱ्हाईक शोधावे लागते, विकलेल्या मालाची दुरुस्ती पुढेही करून द्यावी लागते आणि नाव वर्षानुवर्षे जपावे लागते. दाम त्यालाच मिळतो.