हायड्रोजनचा नकाशा (भाग ११) : ग्रहण जमखंडीचे, गच्ची परळची

टिपलेले तुकडे जोडून सलग नकाशा कसा करायचा, हे या आठवड्यात यायचे होते. ते पुढच्या भागात. मध्येच परळच्या एका वाचकाने विचारले आहे : समोर टॉवर, खाली पुलावरचे दिवे, अशा गच्चीवरून हायड्रोजन दिसायचा कसा? अंधाऱ्या आकाशासाठी वांगणीच गाठायला हवी का? शेवटी पुरवणी : हायड्रोजनचा लाल प्रकाश प्रथम आपल्या विजयदुर्गावरूनच दिसला ना?

आधी पुरवणी. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने १८६८ च्या ग्रहणात तिथून हेलियम शोधला, असे आजही ठणकावून सांगतात. त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होता. विजयदुर्गाला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी दुर्बीण लावून बसला होता लेफ्टनंट जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू. आणि तोही पटवर्धनांच्या जमखंडीत. ऐन पावसाळा, ढगांची ये-जा चाललेली. खग्रासाच्या मोजक्या मिनिटांत ढग जरा फाकले, सूर्याच्या कडेवरची ज्वाळा वर्णपटदर्शकात आली आणि तीन झळझळीत रेघा उमटल्या : तांबडी, नारिंगी, निळी. नारिंगी पुढे हेलियमची ठरली. तांबडी हायड्रोजनची, आपली एच-आल्फा, ६५६.३ नॅनोमीटरची.

परळकरांच्या कामाची गोष्ट मात्र दुसऱ्या दिवशीची आहे. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने १९ ऑगस्टला, ग्रहण नसताना, लख्ख उन्हात त्याच रेघा पुन्हा पाहिल्या. २० ऑक्टोबरला लॉकियरनेही इंग्लंडातून पाहिल्या. आकाशाचा उजेड सगळ्या रंगांचा, त्यामुळे लोलकांनी पसरवला की फिका पडतो. हायड्रोजनचा प्रकाश एकाच रंगात एकवटलेला. तो कितीही पसरवा, रेघ रेघच राहते.

अरुंद पट्ट्याचा फिल्टर वेगळ्या वाटेने हाच फायदा करून देतो. दृश्य प्रकाशाचा पट्टा सुमारे ३०० नॅनोमीटरचा, फिल्टर त्यातले ७ सोडतो. जुन्या सोडियम दिव्यांचा ५८९ चा पिवळा प्रकाश बाहेरच राहतो, एलईडीचाही फार थोडा आत येतो. मृगातला तेजोमेघ परळहून खुशाल टिपावा. मृगाभोवतीच्या बर्नार्डच्या फिकट वलयासाठी मात्र वांगणीच बरी.

दुर्बीण लहान आहे म्हणून हिरमुसण्याचेही कारण नाही. चिलीतल्या सेरो टोलोलोवरून दक्षिण आकाशाचा जो एच-आल्फा नकाशा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो ५२ मिलिमीटर नाभीय अंतराच्या कॅमेऱ्याच्या भिंगाने केलेला आहे! अडचण असते ती कॅमेऱ्याची. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे बसवलेली काच नेमका हाच लाल रंग बराचसा गिळते. ती बदलून घ्यावी लागते.

जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमारास मृग दक्षिणेकडे उंच असतो. त्याचे शेजारशेजारचे चार तुकडे, कडा एकमेकांवर चढतील असे, टिपून ठेवावेत. पुढच्या आठवड्यात जोडायला तेच घ्यायचे आहेत.